कार्ड बदललं, विमान तिथंच अडखळलं

“ग्राफिक कार्ड मोठं टाका, मग बघा कसं मक्खन चालतं!” घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय असं कुणाला सांगून बघा, पहिलं वाक्य हेच कानावर येईल. दौलताबादेतल्या पोरांना त्यांचे मित्र हेच सांगतात, संभाजीनगरातले दुकानदार हेच सांगतात आणि यूट्यूबवरचे गुरुजीही हेच. मग घरी हट्ट होतो आणि वडील कसेबसे तीस-चाळीस हजार उभे करतात. सात-आठ वर्षं जुन्या प्रोसेसरशेजारी चकाचक कार्ड बसतं आणि मुंबईला उतरताना विमान पूर्वी जिथं अडखळायचं तिथंच पुन्हा अडखळतं. मग मला विचारतात, “काका, कार्ड डुप्लिकेट निघालं का?”

कार्ड अस्सल आहे. चूक सल्ल्यात आहे.

हा सल्ला निघतो कुठून, तेही समजून घ्यायला हवं. गोळीबाराच्या किंवा शर्यतीच्या बहुतेक खेळांत तो बऱ्यापैकी खरा ठरतो. तिथं नकाशा ठरलेला असतो, आकडेमोड बेताची असते आणि खरं काम असतं चित्र रंगवण्याचं. ते काम कार्डाचं. सिम्युलेटरमध्ये मात्र कार्डाने रंगवायला घेण्याआधी प्रत्येक चित्रासाठी बराच हिशेब पुरा व्हावा लागतो. पंखांवरचा हवेचा दाब, इंजिनाची अवस्था, वारा, कॉकपिटमधल्या पडद्यांवरचे आकडे, आजूबाजूची विमानं, खाली कुठली इमारत दाखवायची आणि कुठली गाळायची, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी त्याला मिळतात ३३ मिलिसेकंद. ६० हवी असतील तर १७ सुद्धा नाहीत.

आणि यातलं बरंचसं काम एकमेकांवर अवलंबून असल्याने ते एकाच धाग्यात, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, क्रमाने होतं. त्याला ‘मेन थ्रेड’ म्हणतात. दौलताबादच्या लोकांना हे समजवायला किल्ला पुरेसा आहे. खंदकावरचा पूल इतका अरुंद की त्यावरून जेमतेम दोन माणसं शेजारी शेजारी जाणार. खाली फौज दहा हजारांची असो की लाखाची, वर पोहोचण्याचा वेग पूल ठरवतो. सोळा कोअरचा प्रोसेसर घेतला म्हणजे फौज वाढली, पूल तेवढाच राहिला. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी हे तत्त्व १९६७ सालीच मांडलं होतं: कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. तरीही “भाऊ, बारा थ्रेड आहेत माझ्याकडं” हे मला अजून ऐकवलं जातं.

त्यावरचं पुढचं वाक्य तर जास्तच छळतं. “टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तीस टक्केच दिसतोय, म्हणजे तो निवांत आहे. दोष कार्डाचाच.” अरे बाबा, तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी आहे. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड घाम गाळून शंभर टक्के भरला, तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के. उलट त्याच खिडकीत कार्डाचा वापर पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळताना दिसत असेल आणि चित्रांच्या संख्येवर तुम्ही स्वतः मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड बहुधा प्रोसेसरची वाट बघत बसलंय. बसलेल्याला पगारवाढ देऊन काय होणार?

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर स्वतःच सांगतो. सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू करा आणि वरच्या पट्टीतून एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते दाखवायला सांगा. कोपऱ्यातल्या चौकटीत ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ किंवा ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असं सरळ लिहून येतं. एक्स-प्लेनमध्ये प्रोसेसरचा आणि कार्डाचा वेळ वेगवेगळा बघता येतो. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. तरी चित्रांची संख्या जागची हलली नाही, तर नवं कार्ड तुमचं काहीही भलं करणार नाही. आणखी एक करून बघा. चिकलठाणा विमानतळावरून छोटं सेसना उचला आणि देवगिरीच्या डोंगराला एक चक्कर मारा. मग तेच कार्ड, तेच सेटिंग ठेवून मोठं एअरबस घ्या आणि गर्दीच्या वेळी मुंबईला उतरा. जो फरक दिसेल तो इमारती, रहदारी आणि कॉकपिटमधल्या यंत्रणांच्या हिशेबाचा.

खुद्द मायक्रोसॉफ्टची यादी बघितली तरी घाई ओसरेल. २०२४ च्या आवृत्तीसाठी शिफारस केलेलं एनव्हिडियाचं कार्ड आहे आरटीएक्स २०८०, जे २०१८ साली बाजारात आलं. रॅम मात्र ३२ जीबी सांगितली आहे.

मग पैसे कुठं घालायचे? प्रोसेसरवर, आणि तोही गिगाहर्ट्झ बघून नव्हे. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी एप्रिल २०२२ मध्ये आला. त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. तरी सिम्युलेटरमध्ये तो भावाला स्पष्टपणे मागे टाकतो, कारण त्याच्या पोटात ३२ ऐवजी ९६ एमबी एल-थ्री कॅश आहे. लागणारी माहिती जवळच सापडते, रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात. नंतरचे ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी याच वाटेवरचे. तुमचा मदरबोर्ड एएम४ चा असेल तर बायोस अद्ययावत करून ५८००एक्स३डी साठी तोच बोर्ड वापरता येतो का, हे आधी कंपनीच्या यादीत तपासा. बोर्ड वाचला तर बहुधा रॅमही वाचते. आणि पैसे घालायचेच नसतील तर सेटिंगमधली टेरेन आणि ऑब्जेक्ट यांची तपशीलपातळी खाली आणा, विमानतळावरची रहदारी कमी करा. हा प्रोसेसरवरचा भार आहे.

कार्डाला न्याय द्यायचा तर अपवादही सांगायला हवेत. फोर-के पडदा किंवा व्हीआर चष्मा असेल, तर मोठं कार्ड लागतंच. चार जीबी मेमरीचं जुनं कार्ड असेल तर बदला. आणि आरटीएक्स ४० मालिकेपासून आलेली फ्रेम जनरेशन ही सोय प्रोसेसर अडलेला असतानाही दोन खऱ्या चित्रांमध्ये एक बनवलेलं चित्र घुसवते, त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. पण हिशेब तेवढ्याच वेगाने होतो. जॉयस्टिकला मिळणारा प्रतिसाद तिने सुधारत नाही.

आता आमच्या गावाशी संबंधित एक तक्रार. “कार्ड कमजोर आहे म्हणून आपला किल्ला वितळलेल्या गुळासारखा दिसतो.” नाही हो! किल्ल्याचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच आणि खालचा भाग तासून काढलेला सुमारे ५० मीटरचा उभा कडा. सिम्युलेटरमधली जमीन साधारणपणे उंचीच्या जाळीवरून बनते आणि त्या जाळीत एका बिंदूला एकच उंची. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने केलेल्या प्रसिद्ध मोजणीतही साधारण ३० मीटरला एक बिंदू आहे. दोन बिंदूंच्या मध्ये कडा आला की त्याचा उतार होतो. किल्ल्यातला चांद मिनार उभा दिसायला कुणीतरी तो त्रिमितीत बनवून बसवावा लागतो. दहा लाखांचं कार्ड आणलं तरी नसलेली माहिती ते दाखवणार नाही. जमिनीवरची छायाचित्रं धूसर येत असतील तर नेटचा वेग बघा. २०२४ ची आवृत्ती दृश्य मोठ्या प्रमाणावर नेटवरूनच आणते आणि शिफारस ५० एमबीपीएसची आहे.

उरलेले गैरसमज पटापट. एसएसडीने चित्रांची संख्या वाढत नाही, खेळ लवकर उघडतो आणि मधले झटके कमी होतात. १६ जीबीची एकच पट्टी आणि ८-८ च्या दोन पट्ट्या सारख्या नाहीत. दोन लावल्या की माहितीचा रस्ता दुप्पट रुंद होतो. ‘३२००’ लिहिलेली रॅम आपोआप ३२०० वर चालतेच असं नाही; बायोसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत ती अनेकदा २४०० किंवा त्याहून खाली रांगते. ७५० वॉटचा एसएमपीएस कायम ७५० वॉट खात नाही, लागेल तेवढीच वीज घेतो. पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्यावर महागडं कार्ड जोडू नका. सिम्युलेटरला ६० चित्रं लागतातच असं नाही, न डगमगणारी ३५ पुष्कळ झाली. मे महिन्यात संथ झालेला कॉम्प्युटर ‘म्हातारा’ झालेला नसतो. खोली चाळिशीला आणि पंख्यात धूळ असली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. आणि घरच्या सिम्युलेटरवरचे तास डीजीसीएकडून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला लागणाऱ्या २०० तासांत धरले जात नाहीत.

तेव्हा आधी धूळ काढा, एक्सएमपी चालू करा. तरी भागलं नाही तर एफपीएसच्या चौकटीचा फोटो मोबाइलमध्ये काढून दुकानात न्या. त्यावर ‘मेनथ्रेड’ लिहिलेलं बघूनही दुकानदार कार्डाचाच डबा काढायला लागला, तर नमस्कार करून शेजारचं दुकान गाठा.