बादलीत आली लाल शेव!

मैत्रिणींनो, विहिरीचं पाणी पंपानं टाकीत चढवलंय, तुम्ही नळाखाली बादली लावलीय आणि पाण्यात लाल शेवेएवढं काहीतरी वळवळतंय! काय कराल? पाणी मोरीत ओतून द्याल, हो ना?

केरळातल्या गृहिणींवर हा प्रसंग येतो. पण ते गांडूळच असेल असं नाही हं, तो मासाही असू शकतो! तिथल्या जांभ्या दगडाच्या पोटातल्या पाण्यात कायमचा अंधार. म्हणून यातल्या काही जातींना डोळेच नाहीत. अंगाला रंग नाही, त्यामुळे रक्ताची लाली तेवढी दिसते. कोट्टयमच्या विहिरींतल्या अशा माशाची शास्त्रीय नोंद १९५० साली झाली. २०१९ मध्ये कोझिकोडच्या एका घरच्या विहिरीतल्या माशाला तर भुजियावरून 'पँजिओ भुजिया' नाव मिळालं! २०२३ मध्ये नोंदलेल्या 'होराग्लॅनिस पॉप्युलाय'च्या नावात सामान्य लोकांचा मान आहे, कारण हे मासे कळवले ते घरोघरच्या माणसांनीच.

अंधारात हिरवळ उगवत नाही. वरून पाण्याबरोबर झिरपेल त्यावरच मुख्यतः तिथली गुजराण. म्हणजे अंगणात आपण जे ओततो, ते आधी त्यांच्या ताटात आणि मग आपल्या पेल्यात!

तेव्हा विहिरीच्या काठाशी धुणंभांडी नकोत, फिनेल नको. शौचाची टाकी पन्नास फूट तरी लांब हवी. आणि असा पाहुणा आलाच, तर मोरी दाखवू नका. विहिरीच्याच पाण्यात झाकून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.