जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर

१९६३ साली अमेरिकेत आलेला फेंडरचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर. गिटार न छेडताच असा जुना संच घरघरू लागला, तर आधी वीजपुरवठा तपासावा. डीसी वीज सपाट करणारे कपॅसिटर वयपरत्वे सुकतात. तिथल्या ६० हर्ट्झच्या विजेवर त्यांची घरघर १२० हर्ट्झची असते.

फ्यूज वारंवार उडतो? संच बंद करून रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढावा. तरीही फ्यूज उडाला, तर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरच्या तारा पाहाव्यात. टिकला, तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे. मोठा फ्यूज मात्र कधीच घालू नये.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. जाणकाराने ती रेझिस्टरमधून उतरवावी आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच आत हात घालावा.