अक्रोडाचा केक कडू का लागतो?

दुपारच्या चहाबरोबर घरी केलेला अक्रोडाचा केक पुढे केला, की बरेचजण हात पुढे करण्याआधी विचारतात, "कडवट नाही ना लागणार?" मला या प्रश्नाचा राग येत नाही. कारण विचारणाऱ्याने आजवर जो अक्रोड खाल्लेला असतो, तो बहुतेक वेळा खवट झालेलाच असतो. ताजा अक्रोड गोडसर लागतो, किंचित दुधाळ. त्याच्या तपकिरी सालीला थोडा तुरटपणा असतो, पण तो जिभेवर रेंगाळत नाही. घशात राहणारा जो कडवटपणा, तो अक्रोडाचा नव्हे, शिळेपणाचा.

असं का होतं, ते बघू. अक्रोडाच्या गरात वजनाच्या साधारण ६५ टक्के चरबी असते, म्हणजे शंभर ग्रॅम गरात पासष्ट ग्रॅम तेलच समजा. आणि हे तेल फार हळवं. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग चटकन होतो, उजेड आणि उष्णता मिळाली की आणखी चटकन. युरोपातले जुने चित्रकार रंग कालवायला अक्रोडाचं तेल वापरत, ते याच गुणासाठी. जवसाच्या तेलासारखं तेही हवेत हळूहळू सुकतं आणि चित्रावर त्याचा घट्ट पापुद्रा धरतो. चित्रासाठी सोय, पण आपल्या बरणीसाठी शत्रू! खवट अक्रोडाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो तो उगीच नव्हे.

आता आपल्याकडचा हिशेब पाहा. भारतात पिकणारा बहुतेक अक्रोड जम्मू-काश्मीरमधून येतो. तिथली तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, म्हणजे नवा माल आपल्या बाजारात दिवाळीच्या आगेमागे दिसू लागतो. कवचात असेपर्यंत गर पुष्कळ दिवस टिकतो. कवच फोडलं की घड्याळ सुरू होतं आणि गराचे तुकडे केले की ते घड्याळ दुप्पट वेगाने धावतं, कारण हवा लागायला जागा वाढते. दुकानातल्या काचेच्या बरणीत, दिव्याच्या उजेडात, मे महिन्यापर्यंत राहिलेला तुकडा अक्रोड म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. आणि स्वस्त पडतो म्हणून "केकमध्ये काय, चालेल" असं म्हणत आपण नेमका तोच आणतो! अख्ख्या पाकळ्यांचा गर घ्यावा, किंवा वेळ असेल तर सालासकट अक्रोड आणून घरी फोडावेत. एक किलो फोडले तर गर जेमतेम अर्धा किलो निघतो, हे मात्र धरून चाला. कागदी अक्रोड असतील तर हाताने दाबूनही फुटतात. उरलेला गर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावा. वापरण्याआधी एक तुकडा चावून बघायचा. तो खवट लागला तर साखर, दालचिनी, व्हॅनिला, कशानेही ती चव झाकली जात नाही.

अक्रोड महाग का, असंही लोक विचारतात. काश्मीरमधली अक्रोडाची जुनी झाडं प्रचंड उंच असतात. माणसं त्यांवर चढतात आणि लांब काठ्यांनी फळं झोडपून पाडतात. दर वर्षी या हंगामात झाडावरून पडून काहीजण दगावतात, काहीजणांच्या पाठीचा कणा मोडून ते कायमचे अंथरुणाला खिळतात. आता बुटक्या कलमी झाडांची लागवड वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण कलमं फळायला काही वर्षं जातात. हिरव्या सालीच्या रसाने तोडणाऱ्यांचे हात काळे पडतात, ते कितीतरी दिवस तसेच राहतात. इतक्या लांबून, इतक्या कष्टाने आलेली वस्तू बरणीत खवट करू नये, असं मला वाटतं.

आता केक. चार वाजताच्या चहाबरोबर गोड खाण्याची इंग्रजी रीत १८४०च्या सुमाराची. बेडफर्डची डचेस ॲना हिला दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्यामध्ये भूक लागे, त्यातून ती सुरू झाली असं सांगतात. त्या चहाला हलका केक जोडून दिला तो बेकिंग पावडरने. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८४३ साली ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. एका घरातली अडचण सगळ्या जगाच्या उपयोगी पडली, नाही का?

माझं प्रमाण असं: १३० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम लोणी, ११० ग्रॅम पिठीसाखर, तीन अंडी, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, दोन मोठे चमचे दूध आणि १०० ग्रॅम अक्रोड. बाजारचं पिवळं खारं लोणी असेल तर वेगळं मीठ नको. साखर मुद्दामच कमी धरली आहे. इंग्रज लोक चहा बिनसाखरेचा घेतात, आपला चहा दुधासाखरेचा. गोड चहाबरोबर तितकाच गोड केक आला तर दोघांचीही चव जाते.

आधी अक्रोड १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजावेत. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, हलवत राहून. खमंग वास सुटला की लगेच उतरवायचे, कारण करपले तर खरंच कडू होतात! कोमट असतानाच जाडसर पंच्यात घेऊन चोळले की निम्मी साल सुटते. सगळी काढत बसू नका. थोडा तुरटपणा दुधाच्या चहाबरोबर छान लागतो. गार झाल्यावर ३० ग्रॅम अक्रोड चमचाभर साखर घालून मिक्सरमधून भरड काढावेत. साखर नसेल तर तेल सुटून लगदा होतो. उरलेल्यांचे वाटाण्याएवढे तुकडे करावेत. भरड मैद्याबरोबर मिसळली की अक्रोडाची चव घासाघासात येते. नुसते तुकडे घातले, तर तो साधाच केक होतो, मध्ये मध्ये अक्रोड लागणारा.

यापुढची सगळी किमया लोणी-साखर फेसण्यात आहे. पुष्कळांचा समज असा, की केक फुगवते ती बेकिंग पावडर. ती फुगवते खरी, पण मिश्रणात आधीपासून असलेल्या हवेच्या बुडबुड्यांनाच. नवे बुडबुडे ती निर्माण करत नाही. ते आपण फेसताना भरायचे असतात, साखरेच्या कणांनी लोण्यात ओढून नेलेले. म्हणून लोणी योग्य मऊ हवं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण लोण्याला चकाकी येता कामा नये. पुण्यात जानेवारीत ते दगडासारखं असतं, तेव्हा तासभर आधी बाहेर काढा. मुंबईत मे महिन्यात दहा मिनिटांत त्याचं तेल होतं आणि तेलात हवा ठरत नाही. तेव्हा फेसण्याचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवावं. मिश्रण पांढरट आणि हलकं होईपर्यंत, हाताने बारा-पंधरा मिनिटं तरी, फेसायला हवं.

अंडी फ्रीजमधली नकोत, नाहीतर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. एकेक अंडं घालून फेटावं. दिसलंच फाटल्यासारखं, तर चमचाभर मैदा टाकला की सावरतं. मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून, भरड मिसळून, वरून हलक्या हाताने कालवायचं. इथे जोर लावला की मैद्याला चिवटपणा येतो आणि केक पावासारखा होतो. शेवटी दूध आणि तुकडे. तुकडे तळाशी बसू नयेत म्हणून त्यांना मैदा चोळा, असं सगळीकडे सांगतात. त्याने थोडाफार फरक पडतो, पण खरं कारण पातळ मिश्रण हे असतं. चमच्यातून धार न लागता थबकन पडलं, तर अक्रोड खाली जात नाहीत.

सात इंची भांड्याला लोणी लावून, तळाशी कागद घालून, १७० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. विणकामाची सुई खुपसून कोरडी आली की झालं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ किंवा वाळू पसरून, शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढून, दहा मिनिटं तापवावं. मग मंद आचेवर तासाभरात केक होतो. पूर्वी निखाऱ्यांवर वाळूतले केक होतच होते की!

अंडी चालत नसतील तर २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ६० ग्रॅम पातळ केलेलं लोणी, १४० ग्रॅम मैदा, एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि अर्धी वाटी पाणी घ्यावं. साखर नकोच. हा केक जरा दाट होतो, पण अक्रोडाला शोभतो.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांना वाढण्याआधी न चुकता विचारा. काहींना अक्रोडाची ॲलर्जी असते आणि ती साधी नसते, श्वास अडकण्यापर्यंत मजल जाऊ शकते. वर तुकडे नसले तरी आतली भरड दिसत नाही. मुलांच्या मित्रमंडळींच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांनाच विचारलेलं बरं.

चहा चारचा असेल तर केक आदल्या संध्याकाळीच करून ठेवा. रात्रभरात अक्रोडाचं तेल आत मुरतं आणि काप सुबक पडतात. गरम केक सुरीखाली चुरा होतो. उन्हाळा नसेल तर घट्ट डब्यात तीन-चार दिवस बाहेर चांगला राहतो. चौथ्या दिवशी कोरडा वाटलाच, तर काप तव्यावर थेंबभर लोण्यात दोन्हीकडून शेकावेत आणि चहा जरा कडक करावा.