ब्रह्मकमळाला हवी सावली

ब्रह्मकमळ फुललं की घरात लक्ष्मी येते आणि वाळलं की अपशकुन होतो, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्यातही गंमत बघा, फुललं तर घराण्याची पुण्याई आणि वाळलं तर सुनेच्या हाताला गुण नाही! आमच्या शेजारच्या वहिनींनी हे दोन वर्षं ऐकलं. कुंडी होती गच्चीवर, भर उन्हात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्यात त्या बिचारीच्या हाताचा काय दोष?

खरं तर कुंडीतलं आपलं ब्रह्मकमळ म्हणजे चक्क निवडुंग आहे. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम, माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. खरं ब्रह्मकमळ वेगळंच. ते हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवतं, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. ते आपल्या कुंडीत येणं शक्य नाही.

निवडुंग म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं. 'याला पाणी नको, ऊन हवं,' असं आपण ठरवूनच टाकतो. पण हा निवडुंग जंगलातला! तिकडे तो मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून वाढतो. झाडाचा रस मात्र शोषत नाही. म्हणजे त्याला हवी गडचिरोलीच्या रानात झाडाखाली असते तशी विरळ सावली आणि भुसभुशीत, ओलसर माती. आपण ज्यांना पानं म्हणतो, ते खरं तर चपटे खोड असतं. म्हणूनच कळ्या थेट 'पाना'च्या खाचेतून फुटतात.

आता काळजी कशी घ्यायची ते सांगते. आपल्याकडची काळी माती नुसती भरू नका. पावसात ती चिकट होते आणि मुळं कुजतात. एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे, एवढं पुरे. सोबत मूठभर जुनं शेणखत. कुंडी मातीची असावी, तळाला भोक हवंच.

मार्च लागला की कुंडी कडुनिंबाखाली किंवा सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या व्हरांड्यात हलवा. झाड नसेल तर हिरवी जाळी बांधा. पानं पिवळी पडून त्यावर करपट डाग आले, तर ऊन जास्त होतंय असं समजा. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर द्या, तेही वरची माती सुकल्यावरच. थंडीत आणखी कमी. युरिया टाकू नका, नुसती पानंच माजतात. आणि कळ्या धरल्या की कुंडी इकडची तिकडे करू नका, त्या गळतात.

नवीन रोपासाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला जून पानाचा वीतभर तुकडा घ्या. चार-पाच दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या. मग तीच बाजू दोन बोटं मातीत खोचा. फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतात, धीर धरावा लागतो.

वहिनींनी कुंडी गच्चीवरून खाली आणली, माती बदलली. तिसऱ्या वर्षी श्रावणात चार कळ्या आल्या. त्या रात्री नऊच्या सुमाराला फुलं उमलू लागली, मध्यरात्री पूर्ण उघडली. वास तर सगळ्या गल्लीत! हा वास असतो रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी. सकाळपर्यंत फुलं मान टाकतात. ज्या सासूबाई सुनेला बोल लावायच्या, त्याच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला पान देतात आणि म्हणतात, "आमच्या सूनबाईनं जगवलं हो!"

वहिनींची एक गोष्ट मला फार आवडली. फुलं बघायला त्यांनी गल्लीतल्या सगळ्याजणींना बोलावलं. एरवी हळदी-कुंकवाला ज्यांना कुणी बोलावत नाही, त्या मागच्या घरातल्या काकूंनाही. काकू रात्री बारापर्यंत बसल्या होत्या. जाताना त्यांच्या हातात वहिनींनी एक पान ठेवलं. यंदा काकूंच्या कुंडीलाही पहिली कळी आली आहे.

तुमच्या घरचं ब्रह्मकमळ फुलत नसेल, तर आधी त्याची जागा बघा. कुणाच्या हाताला दोष देण्याआधी कुंडी सावलीत ठेवा!