कट्टा आधी, पडदा नंतर

इंटरनेटने पोरं बिघडवली, हे वाक्य आता फौजदारापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. दहशतवादाचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठांतही त्याचंच राज्य आहे, फक्त तिथे त्याला आलेख जोडलेले असतात.

या अभ्यासाच्या आढाव्याची सुरुवात मार्था क्रेनशॉ यांच्या १९८१ च्या निबंधापासून करायचा रिवाज आहे. तो पाळला, असं समजा. पुढे २००५ मध्ये फताली मोघद्दम यांनी दहशतवादाकडे नेणारा जिना मांडला आणि २००७ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी चार टप्पे ठरवून दिले. अहवालात पायऱ्या सरळ होत्या. खरी माणसं मात्र मधल्याच पायरीवर बसून राहत, नाहीतर मुकाट्याने उतरून घरी जात. वर कोण पोचणार, हे आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. तो काळ मी इथेच सोडतो.

मला रमायला आवडतं ते मार्क सेजमन यांच्या २००४ च्या पुस्तकात. हे गृहस्थ मानसोपचारतज्ज्ञ, त्याआधी सीआयएत नोकरी केलेले. त्यांनी १७२ जिहादींची चरित्रं उपलब्ध कागदपत्रांतून जमवली आणि साधी चौकशी केली: यांना कुणी ओढलं? गरिबी, मदरसा, माथेफिरूपणा ही नेहमीची उत्तरं टिकेनात. जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या बाबतीत मैत्री आधीची होती, संघटना नंतरची. काहींना भाऊ, मेहुणे घेऊन आले होते. त्यांतलीच हॅम्बुर्गमध्ये शिकायला आलेली, घरापासून तुटलेली मुलं मशिदीत भेटली, एकत्र राहू-जेवू लागली आणि हळूहळू एकमेकांखेरीज त्यांना कुणी उरलं नाही. इटलीतल्या डाव्या भूमिगतांविषयी दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी हेच आधी लिहिलं होतं. धर्म वेगळा, देश वेगळा, कट्टा तोच.

मानववंशशास्त्रज्ञ स्कॉट अॅट्रन तर उठून अशाच एका कट्ट्यावर गेले. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, १९१ माणसं मेली. ३ एप्रिलला पोलिसांनी लेगानेसमधल्या एका फ्लॅटला वेढा घातला, तेव्हा आतल्या सात जणांनी स्वतःला उडवून घेतलं. त्या सातांतले पाच मोरोक्कोतल्या तेतुआन शहरातल्या जमा मेझुआक या एकाच वस्तीत वाढले होते. अॅट्रन त्या गल्ल्यांत हिंडले, चहाच्या दुकानांत बसले, कोण कुठल्या शाळेत होता, कोण कुणाबरोबर फुटबॉल खेळायचा, हे विचारत राहिले. २०१० च्या त्यांच्या पुस्तकात ही वस्ती अशी उभी आहे की, वाचणाऱ्याला तिथली मुलं ओळखीची वाटू लागतात. धडकी भरते ती त्यामुळेच.

खुद्द सेजमन मात्र २००८ मध्ये म्हणू लागले की, आता समोरासमोरची भेट मागे पडून सगळं ऑनलाइन सरकलं आहे. दहशतवादाचे दुसरे अभ्यासक ब्रूस हॉफमन यांनी त्यांच्यावर तुटून पडत, अल कायदाची संघटना शाबूत असल्याचं बजावलं. त्या भांडणात सगळ्यांचं लक्ष संघटना आहे की नाही याकडे गेलं आणि दोस्तांचा मुद्दा दोघांच्या मधे चिरडला.

मग आली मोजदादीची लाट. २०१५ मध्ये बर्जर आणि मॉर्गन यांनी आयसिसची बाजू घेणारी ट्विटरवरची किमान ४६ हजार खाती मोजली. काम नेटकं होतं, यात वाद नाही. त्याच्या पाठोपाठ आलेल्या शेकडो निबंधांतून एकच गोष्ट कळली: पोस्ट पुष्कळ आहेत.

आपल्याकडचीच तीन प्रकरणं शेजारी ठेवा. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर बगदादला गेले आणि तिथून आयसिसकडे निघून गेले. चौघं एकमेकांच्या ओळखीचे, शिकलेले. नेटवर त्यांनी पुष्कळ पाहिलं-वाचलं होतं, पण निघाले ते मिळून. त्याच वर्षी डिसेंबरात बंगळूरमध्ये एक नोकरदार तरुण पकडला गेला. आयसिसच्या बाजूचं त्याचं ट्विटर खातं जगभर गाजत होतं, अनुयायी सतरा हजारांच्या वर. तो स्वतः कुठेच गेला नव्हता. घरच्यांना माझी गरज आहे, असं त्याने ब्रिटिश वाहिनीला सांगितलं होतं. २०१६ मध्ये केरळच्या कासरगोड भागातून अफगाणिस्तानात गेलेल्या गटात सख्खे भाऊ होते, त्यांच्या बायका होत्या. पडद्यावर सर्वांत मोठा आवाज असलेला माणूस घरी बसतो आणि नात्यागोत्यातली माणसं देश सोडतात, हे कुठल्या आलेखात बसवणार?

आमचे काही विद्वान मित्र यावर हसतात. मी जुन्या जमान्यातला, मला अल्गोरिदम कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. अल्गोरिदमचीच गोष्ट काढायची तर यूट्यूब माणसाला पायरीपायरीने टोकाला नेतं, हा दावा २०१८ नंतर गाजला. २०२३ मध्ये ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष बघणाऱ्यांची नोंद तपासली, तर टोकाचे व्हिडिओ बहुतांशी आधीच तशी चीड बाळगून असलेले, त्या वाहिन्यांचे वर्गणीदार झालेले लोकच पाहत होते. रँड युरोपने २०१३ मध्ये पंधरा जणांची प्रकरणं खोलात तपासली, त्यातही प्रत्यक्ष भेटीची जागा इंटरनेटने घेतल्याचं दिसलं नाही.

मग क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्याचं काय, हा त्यांचा हुकमी एक्का. १५ मार्च २०१९, ५१ बळी, फेसबुकवर थेट प्रक्षेपण. तिथला हल्लेखोर खरोखरच एकटा होता, जवळचे मित्र नव्हते आणि यूट्यूबचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता, असं न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने २०२० मध्ये नोंदवलं. हे प्रकरण माझ्या चौकटीत नीट बसत नाही, बसवायचा अट्टहासही नाही. पण त्याच अहवालात त्याने युरोपातल्या अतिउजव्या गटांना पाठवलेल्या देणग्या आहेत, ऑस्ट्रेलियातल्या गटांच्या फेसबुक पानांवरची त्याची ऊठबस आहे. सोबत त्यालाही हवी होती, ती त्याने लांबून विकत घेतली.

आता मोजणाऱ्यांचेही दिवस फिरले आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांचा फुकट प्रवेश बंद केला. ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने फेसबुकवरच्या पोस्टचा माग काढायचं क्राउडटँगल हे साधन गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डची इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीही जवळजवळ मोडीत निघाली. माहितीचा नळ दुसऱ्याच्या हातात देऊन बसलेल्यांचं हे असंच व्हायचं होतं. पुन्हा वस्तीत जावं म्हटलं, तर तेही सोपं राहिलेलं नाही. मध्यंतरी एक तरुण संशोधिका भेटली. तुरुंगातून सुटलेल्यांशी आणि त्यांच्या आयांशी बोलायचं तिच्या मनात होतं. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीने दोन बैठका घेऊन धोका फार असल्याचं कळवलं आणि त्याऐवजी टेलिग्रामवरचे संदेश मोजायला ताबडतोब मंजुरी दिली.