बाळंतपणानंतरचा न बोलला जाणारा त्रास



फिजिओथेरपी म्हटले की आपल्यासमोर दुखरा गुडघा किंवा अर्धांगवायूचा रुग्ण येतो. सातपुड्यातील पाड्यांवर काम करताना माझा बराचसा वेळ मात्र ज्या स्नायूंवर जातो, त्यांच्याविषयी आपण घरातही बोलत नाही. या वेळी त्यांच्याविषयीच लिहिते.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय तिच्या आधाराने जागेवर राहतात. आपण खोकतो, शिंकतो, ओझे उचलतो तेव्हा ही झोळी आपोआप आवळली जाते आणि लघवी धरून ठेवते. गरोदरपणात तिच्यावर महिनोन्‌महिने भार असतो. बाळंतपणात ती खूप ताणली जाते, कधी फाटतेही. पुढचे काही आठवडे जपले तर ती बरीचशी भरून येते.

पण जपणार कोण? पाणी दरीत आणि घर टेकडीवर. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन वेगळे. त्यावर सरपणाची मोळी. श्वास रोखून ओझे उचलले की पोटातला सगळा दाब खाली त्या सैल झोळीवर येतो. मग खोकला आला की लुगडे ओले होते. काहींचे अंग बाहेर येते. बाया हे कोणाला सांगत नाहीत. पाणी कमी पितात. त्याने लघवी गडद होते, जळजळ होते, बद्धकोष्ठ होतो, आणि कुंथल्याने झोळीवर आणखी ताण पडतो. हळूहळू बाजार सुटतो, लग्नकार्य सुटते. एका चार लेकरांच्या आईने मला सांगितले, की एसटीत बसायचे नाही म्हणून ती दोन वर्षे माहेरी गेली नव्हती.

या स्नायूंच्या व्यायामाला अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांचे नाव आहे. त्यांनी 1948 मध्ये तो वैद्यकीय जगापुढे मांडला. व्यायाम साधा आहे, पण नुसत्या सांगण्याने जमत नाही. बाया मांड्या आवळतात, पोट आत ओढतात, किंवा उलट खाली जोर लावतात, आणि ते तर घातकच. म्हणून मी सांगते, “चारचौघांत बसलाय आणि वारा अडवायचाय, तसं आतून वर ओढा.” सगळ्या हसतात आणि त्यांना बरोबर कळते. ओढून धरायचे, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सैल सोडायचे. सुरुवातीला तीन अंक मोजेपर्यंत धरता आले तरी पुष्कळ. पुढे आठ-दहापर्यंत जायचे. एका वेळी आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करताना मध्येच अडवून सराव करू नये. खोकण्याआधी आणि हंडा उचलण्याआधी मात्र जरूर आवळावे, आणि उचलताना श्वास सोडावा. हंडा दुसरीने डोक्यावर चढवून दिला तर फारच बरे.

सगळ्यांना हाच उपाय लागू नाही. काहींचे स्नायू सैल नसून आखडलेले असतात आणि त्यांना दुखते. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावे लागते. म्हणून बाईची संमती घेऊन, आडोशाला तपासणी करणे महत्त्वाचे. अंग थोडे उतरले असेल तर व्यायामाने त्रास कमी होतो. फार उतरले असेल तर आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया लागते. आणि अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी गळत असेल, तर मूत्रमार्गाला छिद्र पडले असण्याची शक्यता असते. तिथे व्यायामात दिवस घालवू नयेत, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. पुरुषांनाही हे स्नायू असतात, हे जाता जाता सांगते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी सुटत असेल तर त्यांनाही हाच व्यायाम शिकवतात.

यासाठी यंत्र लागत नाही, गोळ्या लागत नाहीत. लागते ती दर पंधरवड्याला पुन्हा त्याच पाड्यावर जाणारी बाई, कारण तीन महिने एकटीने नेट धरणे कठीण. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातातच. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळाचे वजन, अंगावरचे दूध, ताप हे सगळे त्या पाहतात. आमच्या भागातल्या काही ताईंनी त्यात आता एक प्रश्न जोडला आहे: “खोकताना लघवी सुटते का गं?” विचारले की बाई सांगते. वर उल्लेख केलेल्या भगिनीलाही असेच विचारले गेले होते. चौथ्या महिन्यात ती एसटीने माहेरी जाऊन आली.