पेरोनच्या क्षाराची बदलती नावं

1844च्या सुमारास मिकेले पेरोन या इटालियन रसायनज्ञाने प्लॅटिनम, अमोनिया आणि क्लोरीन यांचा एक पिवळा क्षार तयार केला. त्याच काळात फ्रान्समध्ये झ्यूल रेझे यांना तेच घटक, त्याच प्रमाणात असलेला दुसरा क्षार मिळाला. पण गुणधर्म निराळे. एकाला पेरोनचं क्लोराइड म्हणू लागले, दुसऱ्याला रेझेचं. मॅग्नसचा हिरवा क्षार, झाइझेचा क्षार ही नावंही त्याच रीतीची. पदार्थ कोणी शोधला ते कळे, आत काय आहे ते नाही.

कोबाल्टच्या क्षारांसाठी 1852 मध्ये एदमों फ्रेमी यांनी रंगांचा आधार घेतला. पिवळा तो ल्युटिओ, जांभळट तांबडा तो पर्प्युरिओ. पुढे रचना सारखी दिसली की रंग वेगळा असूनही तेच नाव लावलं जाऊ लागलं आणि नावातला रंगही खोटा ठरला. पेरोन-रेझे जोडीला तर ही रीत निरुपयोगीच होती, कारण दोन्ही क्षार पिवळे.

खरी वाट मोकळी केली ती आल्फ्रेड वेर्नर यांनी. धातूच्या अणूभोवती ठरावीक जागी लिगंड, म्हणजे त्याला जोडलेले आयन किंवा रेणू, बसलेले असतात, असं त्यांनी 1893 मध्ये मांडलं. प्लॅटिनमचे चार लिगंड चौकोनाच्या कोपऱ्यांवर मानले की कोडं सुटतं: पेरोनच्या क्षारात दोन क्लोरीन शेजारी, रेझेच्या क्षारात समोरासमोर. लिगंड कोणते, किती आणि कुठे, हे आता नावातच सांगता येऊ लागलं. मला या साऱ्या इतिहासातलं हेच पाऊल सर्वांत मोठं वाटतं. पुढचे नियम त्याच पायावर उभे आहेत. धातूची ऑक्सिडेशन अवस्था वेर्नर नावाअखेरच्या स्वराने दाखवत, ‘ओ’ म्हणजे दोन, ‘इ’ म्हणजे तीन. आल्फ्रेड स्टॉक यांनी 1919 मध्ये त्याऐवजी कंसात रोमन अंक सुचवला. पाठांतराचं ओझं उतरलं.

आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1957च्या नियमांत ऋणभारित लिगंड आधी येत, म्हणून पेरोनच्या क्षाराचं नाव डायक्लोरोडायअमीन असं सुरू होई. 1970च्या नियमांनी भार बाजूला ठेवून इंग्रजी वर्णक्रम लावला आणि झालं डायअमीनडायक्लोरोप्लॅटिनम(II). 2005 मध्ये ‘क्लोरो’चं ‘क्लोरिडो’ झालं. अनेक शिक्षकांना हा बदल अजून जाचतो, पण मला तो पटतो: सेंद्रिय रसायनात ‘क्लोरो’ म्हणजे हायड्रोजनच्या जागी आलेला क्लोरीन, इथे मात्र धातूला जोडलेला क्लोराइड आयन.

पेरोनचा तोच क्षार आज सिसप्लॅटिन या नावाने कर्करोगावर दिला जातो; अमेरिकेत त्याला 1978 मध्ये मान्यता मिळाली. रेझेच्या क्षाराचा तसा उपयोग होत नाही. दोघांची नावं शेवटपर्यंत एकसारखी, फरक फक्त सुरुवातीच्या ‘सिस’ (शेजारी) आणि ‘ट्रान्स’ (समोरासमोर) यांचा.